चौथं मडकं

ती मुलगी दारात उभी राहिली, तेव्हा श्याम गावंडे डबा उघडून बसला होता. तिने चप्पल बाहेर काढली, ओढणी सारखी केली आणि विचारलं, "हरवलेला माणूस शोधून देता काय तुमी?"

"देतो," साधना काळमेघ म्हणाल्या. "कोण हरवलं?"

"माहं कोणी नाई हरवलं. पण तो माणूस सापडला नाई, तर माहा बाप हातचा जाते."

साधनाताईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. अमरावतीच्या राजापेठेत, सायकलच्या दुकानावरच्या या एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं. विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि 'खासगी तपास' अशी पाटी लावली. श्याम हा त्यांचा मावसभाऊ, शाळेतून निवृत्त झालेला पीटीचा मास्तर. गाडी चालवायची, जेवणाची वेळ चुकू द्यायची नाही आणि पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरवून मोकळं व्हायचं, ही त्याची कामं. आजवर त्याचा एकही गुन्हेगार खरा निघाला नव्हता, पण त्यामुळे तो कधी खचला नाही.

मुलीचं नाव नाजिया. घर तेल्हाऱ्याला, नर्सिंगचं शिक्षण अकोल्याला. वडील अब्दुल सत्तार कोहळखेडच्या जलाशयात नाव चालवत. हा जलाशय मेळघाटच्या पायथ्याशी, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. मधोमध एक उंचवट्याचं बेट आहे, त्याला लोक नुसतं 'गढी' म्हणतात. ललित नावाचा अमरावतीचा तरुण उन्हाळ्यात, वनखात्याच्या परवानगीने, पाहुण्यांना एका रात्रीसाठी तिथे तंबूत राहायला नेत असे. नियम एकच होता. नाववाल्याने रात्रभर बेटाच्या काठाला, नावेतच राहायचं आणि माणसांवर लक्ष ठेवायचं.

सहा दिवसांपूर्वी, अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी, बेटावर पाच माणसं उतरली. ललित, स्वयंपाकी चंद्रभान, नाववाला सत्तार आणि दोन पाहुणे. पाहुण्यांतली एक वर्षाली नावाची प्राध्यापिका, दुसरे अकोल्याचे खुशालराव ढोले. ढोले सत्तरीचे, डाकघरातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकटेच. सकाळी त्यांचा तंबू रिकामा होता. नाव साखळीने जिथल्या तिथे बांधलेली होती. पाण्याच्या काठावर त्यांच्या चपला होत्या आणि ते कुठेच नव्हते.

पाच दिवस जाळी टाकून पाणी ढवळलं, काही लागलं नाही. पोलिसांनी सध्या 'हरवले' एवढीच नोंद केली होती. मृतदेह वर आला की निष्काळजीपणाचा गुन्हा सत्तारवर, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. वनखात्याने पास काढून घेतला, नावेला कुलूप घातलं.

"अब्बानं पोलिसाईले सोताहून सांगतलं, मी तीन वाजता झोपलो म्हणून," नाजिया म्हणाली. "आता रोज सकाळी पाण्यात उतरते. हातानं धुंडते. अठ्ठावन्न वर्षाचा माणूस आहे, डाक्टरसाहेबानं सांगतलं छाती कमजोर आहे. म्या म्हटलं, अब्बा, पास गेला तर जाऊ द्या. तर म्हणे, पासचं नाई व बेटा, माणूस माह्या भरोशावर होता."

तिच्या मोबाइलमध्ये पंचनाम्याचा फोटो होता. श्यामने तो मोठ्याने वाचला. तंबूत मिळालेलं सामान: एक विजार, दोन सदरे, टॉवेल, दाढीचं साहित्य, चादर, एक पुस्तक, मोबाइल फोन चालू स्थितीत. काठावर चपलांचा जोड.

"एवढंच?" साधनाताईंनी विचारलं.

"एवढंच. बुडाला बिचारा, दुसरं काय?" श्याम म्हणाला. "नाईतर त्या ललितनं ढकललं. मले त्याचं नावच आवडलं नाई."

वर्षालीबाई अमरावतीतच राहत होत्या, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून झाली. त्यांना आकाशाचे फोटो काढायचा नाद. त्या रात्री बीजेचा चंद्र लवकर मावळला, आकाश काळंभोर झालं, आणि त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावून दहापासून पाचपर्यंत चालू ठेवला होता. खुशालरावांशी त्यांचं बोलणं असं झालंच नव्हतं. नावेत त्यांना चिक्की देऊ केली, तर ते म्हणाले, वीस वर्षं साखर बंद आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते. मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी कोणाला उचलू दिली नाही. रात्री सगळे शेकोटीभोवती बसले तेव्हा ते लांब, स्वयंपाक्याच्या चुलीपाशी बसून होते.

"एकटा माणूस होता तो," वर्षालीबाई म्हणाल्या. "मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, त्यांना शांतता हवी असेल."

त्यांनी फोटो दाखवले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नावेचा काळा आकार होता, जिथल्या तिथे. म्हणजे नाव रात्रभर हलली नव्हती. पहाटे चारच्या सुमाराचे फोटो मात्र बिघडले होते. पाण्यालगत एक पिवळी उजेडाची रेघ उमटली होती. ती बेटापासून सरळ लांब जात होती आणि पुढे एके ठिकाणी डावीकडे वळत होती. पलीकडच्या काठाने कोणी बॅटरी घेऊन चाललं असेल, असं त्यांना वाटलं. पोलिसांनाही तेच वाटलं होतं.

साधनाताईंनी तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला. श्यामला त्या रेघेत काहीच दिसलं नाही, पण वर्षालीबाईंनी केलेला चिवडा फार चांगला होता, असं त्याने जिना उतरताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंजनगाव, अकोट मागे टाकून नाजियासह ते जलाशयावर पोचले, तेव्हा ऊन चटके देत होतं. पाणी आटून काठापासून बरंच मागे गेलं होतं. ओल्या कपड्यानिशी एक माणूस दगडावर बसला होता. नाजियाने त्याच्या हातात डबा दिला. त्याने तो उघडलाच नाही.

वनरक्षकाने खात्याची नाव काढली आणि पास नसतानाही वल्हं सत्तारच्या हाती दिलं. त्या पाण्याची त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला नव्हती, हे वनरक्षकालाही ठाऊक होतं. गढी समोर दिसत होती, तरी नाव सरळ न जाता उजवीकडून लांबचा वळसा घेऊ लागली. डोक्यावर रुमाल टाकून बसलेल्या श्यामने कुरकुर केली.

"मधात नाव घासते, मास्तर," सत्तार म्हणाले. "उन्हाळ्यात खालतं गोटे लागतेत. म्हून आमी फिरवून नेतो."

"पाणी यायच्या आंधी इथं काय होतं?" साधनाताईंनी विचारलं.

"मले काय ठाऊक, बाई. धरण भरल्यावर आलो मी. मी पाण्याचाच माणूस."

त्या रात्रीचं विचारल्यावर त्यांनी काहीही लपवलं नाही. तीनला डोळा लागला, साडेपाचला उघडला. आवाज ऐकला नाही. रात्री जेवणं झाल्यावर खुशालराव नावेपाशी येऊन उभे राहिले होते, तेवढं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं.

"मले पुसलं, लेकरं किती? म्या म्हटलं, एक पोरगी. म्हणे, भेटाले येते काय? म्हटलं, दर शनिवारी येते आन् माहं डोकं खाते. तर हासले. मंग लय वेळ गप उभे राहिले." सत्तारांनी वल्हं थांबवलं. "मले तवाच समजाले पायजे होतं, बाई. अशा माणसाले एकटं सोडू नये."

बेटावर ललित उरलेले तंबू गुंडाळत होता. जुन्या गढीचा एक ढासळलेला बुरूज आणि दोन कडुनिंब सोडले, तर तिथे काहीच नव्हतं. ललित घाबरलेला होता, म्हणून जरा जास्तच बोलत होता. चारच्या सुमारास त्याला छपछप असा आवाज आला होता. डुबुक असा नाही. एकसारखा, दहा-बारा मिनिटं, हळूहळू लांब जाणारा. त्याला वाटलं सत्तारचं वल्हं आहे, आणि त्याने तसंच पोलिसांना सांगितलं. फोटोतली नाव पाहिल्यावर त्याने मान खाली घातली आणि आपली चूक झाली असेल, असं कबूल केलं.

चपला कुठे होत्या, ते त्याने दाखवलं. पाण्यापासून हातभर अंतरावर, एकमेकींना लावून, देवळाबाहेर काढाव्यात तशा. मग त्याने चंद्रभानबद्दल तक्रार केली. त्या सकाळी स्वयंपाकाचा मांडव एका बाजूला बसला होता, कारण त्याचा एक बांबूच गायब होता. वर हा माणूस त्या दिवसापासून कामावर आलाच नाही.

श्यामने साधनाताईंना बाजूला घेतलं आणि आता आपल्याला ललितवर नाही, चंद्रभानवर संशय आहे, असं हळू आवाजात सांगितलं. बांबू डोक्यात घातला असणार, असं त्याचं म्हणणं होतं.

चंद्रभान नव्या कोहळखेडला राहत होते. तीस वर्षांपूर्वी, धरणाच्या वेळी वसवलेलं हे पुनर्वसनाचं गाव जलाशयापासून दोन कोसांवर, उद्यानाच्या हद्दीबाहेर. आखीव रस्ते, घरांवर नंबर. सत्तरीचे चंद्रभान ओसरीत तूर निवडत होते. त्यांची बायको कौशल्या बोलायला मोकळी आणि प्रेमळ. आत जाता जाता तिने विचारलं, "साखरेचा देऊ का बिनसाखरेचा? दोन्ही मांडले हायेत."

श्यामने अर्थातच साखरेचा घेतला. साधनाताईंनी बिनसाखरेचा मागितला. कौशल्याबाईंनी स्वतः साखरेचाच घेतला, आणि चंद्रभानांनी आपल्या कपात वरून आणखी एक चमचा साखर घालून घेतली.

हे दोघंच इथे राहत. मुली लग्न होऊन गेल्या. त्या पहाटे चारला आपण कणीक मळत होतो, काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, असं चंद्रभानांनी सांगितलं. खुशालराव? अकोल्याचे साहेब. त्यांना तर पहिल्यांदाच पाहिलं. जुनं गाव कसं होतं, असं साधनाताईंनी विचारल्यावर मात्र म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"गढीच्या खालतंच होतं आमचं गाव. वेशीपाशी बोरी होत्या. असे बोरं तुमाले आता कुठीच भेटणार नाई." मग एकाएकी ते थांबले आणि तूर निवडू लागले. "या गावात कोणाले त्याची आठवण नाई. जे म्हातारे होते ते गेले. पोरं म्हणतेत, बुढा तेच तेच सांगते."

पाहुणे निघताना चंद्रभानांनी विचारलं, "सत्तारचं काय होईन?" मृतदेह सापडला तर गुन्हा आणि नाही सापडला तरी पास कायमचा गेला, असं साधनाताईंनी सांगितलं. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. कौशल्याबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

गाडीत बसल्यावर साधनाताईंनी खुशालरावांच्या मुलाला फोन लावला. अमोल हैदराबादला नोकरीला होता. तो उद्धटपणे बोलला नाही, हेच श्यामला जास्त लागलं. त्याची सुट्टीची अडचण होती. एकदाच येता येईल, म्हणून मृतदेह मिळाल्याचं नक्की कळलं की तो लगेच निघणार होता. वडिलांशी शेवटचं बोलणं कधी झालं, यावर तो 'दिवाळीला' असं म्हणाला. घरात वारलेलं कोण कोण? आजोबा, आजी आणि तीन वर्षांपूर्वी आई. बाकी कोणी नाही. वडिलांचं मूळ गाव?

"ते धरणात गेलं. कोहळखेड का असंच काहीतरी. मी पाहिलेलं नाही."

श्यामने बराच वेळ गाडी सुरू केली नाही. नंतर तो एवढंच म्हणाला, "माहा पोरगा बी दिवाळीलाच फोन करते, ताई."

त्या दिवशी त्याने जेवणाची आठवण काढली नाही.

सकाळी ते पुन्हा नावेत बसले, वनरक्षक आणि सत्तार बरोबर. आज साधनाताईंनी एक लांब बांबू मागून घेतला होता. त्यांनी सत्तारना सांगितलं, वळसा नको, नाव जिथे घासते तिथेच न्या.

मधोमध आल्यावर नावेचा तळ खरकन घासला. साधनाताईंनी बांबू खाली सोडला. गुडघाभर पाण्यातच तो टक्कन दगडावर आपटला. त्यांनी तो दोन हात डावीकडे टाकला, तर तळ लागला नाही. उजवीकडेही नाही. मग पुढे, आणखी पुढे. प्रत्येक वेळी टक्. दगडांची ती पट्टी बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. ती गढीपासून सरळ आली होती आणि एका कुजलेल्या बुंध्यापाशी डावीकडे वळत होती. सत्तारांच्या हातातलं वल्हं थांबलं. इतकी वर्षं ज्याला ते खडक समजत होते, तो रस्ता होता.

पट्टी संपली तिथे पाणी आटून घरांची जोती उघडी पडली होती. चिखल वाळून भेगाळला होता आणि गव्यांच्या खुरांनी इतका तुडवला होता, की माणसाचं पाऊल ओळखू येऊ नये. एका जोत्यावर, उंबऱ्याच्या दगडापाशी, चार छोटी मातीची मडकी ओळीने मांडलेली होती. प्रत्येकापुढे पळसाची पत्रावळ, कावळ्यांनी साफ केलेली. अक्षय तृतीयेला आपल्याकडे असंच मांडतात. घरातून गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने पाण्याचं एक मडकं आणि एक पान.

श्यामने मडकी मोजली आणि तो पायरीवर बसला. "बाप, माय, बायको. आन् हे चौथं? सोताचं मांडलं त्यानं. म्हणजे इथंच कुठी जीव दिला, ताई. वाघानं नेलं असन."

साधनाताई जोत्यामागून जंगलात जाणारी जुनी गाडीवाट पाहत होत्या. "श्यामभाऊ, चला," त्या म्हणाल्या. "चहा घेऊ."

दुपारी चंद्रभानांच्या ओसरीत माणसं जमली. सत्तार, नाजिया, ललित, ठाण्याचे हवालदार, आणि दाराला टेकून उभा श्याम. कौशल्याबाई आतल्या दारापाशी बसल्या होत्या. साधनाताई बोलायला लागल्या तेव्हा श्यामला नवल वाटलं. एवढ्याशा ओसरीत त्या सभेत बोलल्यासारख्या मोठ्याने बोलत होत्या.

"नाव हलली नाही, हे फोटोत दिसते. पडल्याचा आवाज कोणी ऐकला नाही. ललितनं ऐकलं ते छपछप, एकसारखं, दूर जाणारं. ते वल्हं नव्हतं. माणूस पाण्यातून चालत होता. फोटोतली उजेडाची रेघ म्हणजे त्याच्या हातची बॅटरी. पोहणारा माणूस काठाचा नेम धरून सरळ जाईल. ही रेघ मधातच वळली, कारण खालचा रस्ता तिथं वळते. हा रस्ता कोणाले माहीत असन? सत्तारभाईंले नाही, ते धरण भरल्यावर आले. ज्याचं गाव त्या पाण्यात आहे, त्यालेच."

"तो तर अकोल्याचा," हवालदार म्हणाले.

"नोकरीनं अकोल्याचा. जन्म कोहळखेडचा, पोरानंच सांगतलं. आता चंद्रभानभाऊ म्हणतात, त्याले पहिल्यांदा पाहिलं. एका वेशीतले, एका वयाचे दोघं, आन् ओळख नाही? रात्री सगळे शेकोटीपाशी होते, खुशालराव तुमच्या चुलीपाशी. मांडवाचा बांबू कुठं गेला? तीस वर्षांनी अंधारात रस्ता चाचपाले हातात काही तरी लागते. तुमीच काढून देला. चपला त्यानं काठावर काढून ठेवल्या, कारण त्याच्यासाठी तिथून घर सुरू होत होतं."

चंद्रभान तुरीच्या सुपात बोटं फिरवत राहिले.

"उंबऱ्याशी चार मडकी आहेत. घरातले गेलेले तीन. चौथं त्यानं सोताच्या नावानं मांडलं, कारण आपल्यामागं ते कोणी मांडणार नाही, असं त्याले वाटलं. श्यामभाऊ म्हणतात, त्यानं जीव देला. पण मराले निघालेला माणूस साखरेच्या गोळ्या संग घेऊन जाते काय? सकाळ-संध्याकाळ गोळी घेणारा माणूस. पंचनाम्यात एकही गोळी नाही, त्याची कापडी पिशवीही नाही. फोन मात्र ठेवून गेला. त्याले जगायचं होतं. फक्त तो फोन वाजत नाही, हे आणखी ऐकायचं नव्हतं. आपण मेलो म्हटल्यावर तरी पोरगा येते काय, हे त्याले पाहायचं होतं."

"मंग तो आहे कुठी?" ललितने विचारलं.

"जोत्यापासून जुनी गाडीवाट निघते ती याच गावाले येते. काल मी इथं चहा घेतला. घरात दोन माणसं, दोघंही गोड चहा पिणारे. तरी चुलीवर बिनसाखरेचा एक वेगळा चहा होता, पाहुणे यायच्या आधीच मांडलेला." साधनाताईंनी आतल्या बंद दाराकडे तोंड केलं. "तो ज्याच्यासाठी होता, त्यानं आता ऐकावं. तुमाले कोणी सांगतलं नसन म्हणून सांगते. तुमी मेले समजून एक माणूस सात दिवस पाण्यात उतरून तुमाले हातानं शोधते आहे. त्याची छाती कमजोर आहे. त्याचा पास गेला, नाव गेली. रात्री तो जेवत नाही. तुमी विचारलं होतं ना त्याले, पोरगी भेटाले येते काय म्हणून? तो हाच."

आतून कडी निघाली.

खुशालराव दारात उभे होते. अंगात चंद्रभानांचा सदरा, खाली धोतर. ते सत्तारांकडे पाहू शकले नाहीत. त्यांनी चंद्रभानांकडे पाहिलं.

"तू तर म्हणे, पोलिसाईनं सत्तारले नुसतं पुसून सोडून देलं."

"खोटं सांगतलं," चंद्रभान म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "खरं सांगतलं असतं तर तू गेला असता, खुशाल. तीस वर्षांनी माह्यासंग कोणी त्या बोरींबद्दल बोललं. मले वाटलं, अजून दोन दिवस. मंग अजून दोन दिवस."

खुशालरावांनी साधनाताईंना विचारलं, "अमोल आला काय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. आपल्या नसण्याने कोणाचंही काही अडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो असा चुकला होता. मुलापुरता बरोबर आणि ज्याच्याशी रात्री दोन शब्द बोलले त्याच्यापुरता साफ चूक. ते पुढे होऊन सत्तारांसमोर हात जोडून उभे राहिले. सत्तार उठले आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. नाजिया त्यांच्यामागे गेली. त्यांना राग आला होता, आणि माणूस जिवंत असल्याचा आनंद रागाहून मोठा होता, म्हणून त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

ठाण्यात हवालदारांनी रजिस्टर उघडून 'सापडले' असं लिहिलं. सत्तारांवर काही येणार नव्हतं. पासाचं पत्र उद्याच वनखात्याला जाणार होतं. मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर थांबलं. कोणाच्या ताब्यात दिले, तिथे सही हवी होती.

अमोलला फोन लावला गेला. त्याला खरोखरच बरं वाटलं, ते आवाजात कळलं. बाबांना अकोल्याच्या गाडीत बसवून द्या, मी रविवारी निवांत बोलतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. सगळ्यांनी ते ऐकलं होतं. खुशालराव बाकावर बसून स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहत होते.

श्यामने घसा साफ केला. साधनाताईंनी पेनाकडे हात नेला. त्याआधीच सत्तार उठले, टेबलापाशी आले आणि त्यांनी पेन उचलून सावकाश आपलं नाव लिहिलं.

हवालदारांनी विचारलं, "नातं काय लिहू?"

"लिहा काईबी, साहेब," सत्तार म्हणाले. "सात दिवस याले पाण्यात धुंडत होतो म्या. आता घरी घेऊन जाऊ द्या."

खुशालराव उठले आणि त्यांच्या मागोमाग निघाले.